मळ्याची फेरी आणि मूत्रपिंडाचे आरोग्य

पिकाच्या आरोग्याविषयी गावोगाव जितकी चर्चा होते, तितकी ते पीक काढणाऱ्या माणसाच्या आरोग्याविषयी होत नाही. द्राक्षवेलीच्या पानावर केवड्याचे ठिपके दिसू लागले म्हणजे त्याच दिवशी जाणत्या माणसाला बोलावणे जाते. माती, पाणी आणि पानाचे देठ यांचे परीक्षण करून घेण्याची सवय नाशिक जिल्ह्यातील बागाईतदारांच्या आता चांगली अंगवळणी पडली आहे. परंतु तोच बागाईतदार स्वतःच्या रक्ताची आणि लघवीची तपासणी वर्षानुवर्षे करून घेत नाही. बागेसाठी जी दक्षता, ती देहासाठी नाही, अशी ही विपरीत स्थिती आहे. तिचे परिणाम ज्या इंद्रियावर सर्वांत निमूटपणे होतात ते मूत्रपिंड होय, आणि त्याच्या रक्षणाचा एक अत्यंत सोपा व बिनखर्ची उपाय म्हणजे रोजचे चालणे होय.

शेतकऱ्याला चालण्याचा उपदेश करणे हे माशाच्या पोराला पोहणे शिकविण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हे म्हणणे रास्त ठरले असते. आज मात्र ते तपासून पाहणे आवश्यक आहे.

बदललेली दिनचर्या

पूर्वी मोटेमागे बैलांची धाव चालविणारा, नांगरामागे दिवसभर तास धरणारा, रात्री-अपरात्री पाण्याची पाळी देण्यास बांधावरून जाणारा शेतकरी न मोजता कित्येक कोस चालत असे. आज विहिरीवरील पंप घरी बसून मोबाईलवरून सुरू करता येतो. पाणी ठिबकाच्या नळ्यांतून आपोआप मुळाशी जाते. नांगरट, रोटाव्हेटर आणि फवारणी ही कामे ट्रॅक्टरवर बसून होतात. दूध डेअरीवर घालणे, पोरांना शाळेत सोडणे, पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या बाजार समितीत भावाची चौकशी करणे ही सर्व कामे दुचाकीवर होतात. किंबहुना गावातून अर्ध्या कोसावरच्या मळ्यात जाण्यासही दुचाकीच काढली जाते.

ही यंत्रे आली हे इष्टच झाले. त्यांनी शेतकऱ्याच्या पाठीवरचे ओझे कमी केले आणि कामाचा उरक वाढविला. तथापि ज्या कष्टांबरोबर देहाला नकळत व्यायाम मिळत असे, ते कष्ट गेले आणि व्यायामही गेला. आहार मात्र पूर्वीच्याच कष्टाच्या मापाचा राहिला, किंबहुना त्यात साखर, तेल आणि मीठ यांची भर पडली. शहरातील नोकरदारास जडणारे विकार निफाड, दिंडोरी आणि चांदवडच्या मळ्यांतही आढळू लागले, तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराची सर्वांत मोठी दोन कारणे हीच होत.

मूत्रपिंडाचे कार्य

ठिबक सिंचन वापरणाऱ्या शेतकऱ्यास मूत्रपिंडाचे कार्य समजावून देणे कठीण नाही. पाणी नळ्यांत जाण्यापूर्वी ते गाळणीतून जावे लागते. गाळणी शाबूत असेल तरच पुढचा संच चालतो. शरीरात हेच काम दोन मूत्रपिंडे करतात. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या सर्व मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातील उपयुक्त भाग पुन्हा रक्तात घेतात आणि केवळ दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. रक्तातील क्षारांचा समतोल राखणे, रक्तदाबाचे नियमन करणे आणि रक्तातील तांबड्या पेशी तयार होण्यास चालना देणे हीही त्यांचीच कामे आहेत.

ठिबकाच्या गाळणीपुढे व मागे दाबमापक बसविलेले असतात. दाब प्रमाणाबाहेर गेला तर जाळी फाटते आणि घाण पुढे जाते, हे प्रत्येक बागाईतदार जाणतो. उच्च रक्तदाब मूत्रपिंडातील नाजूक केशवाहिन्यांची अशीच हानी करतो, आणि रक्तातील वाढलेली साखर त्यांच्या भिंती हळूहळू निकामी करते. मग जी प्रथिने रक्तातच राहावयास हवीत ती लघवीवाटे जाऊ लागतात. फरक इतकाच की, ठिबकाची जाळी बाजारातून नवी आणता येते. मूत्रपिंडातील नष्ट झालेली गाळणी पुन्हा उत्पन्न होत नाही.

याहून चिंतेची गोष्ट अशी की, हे सर्व दुखण्याखुपण्यावाचून घडते. उरलेल्या गाळण्या अधिक काम करून उणीव भरून काढतात. त्यामुळे निम्म्याहून अधिक शक्ती खर्ची पडेपर्यंत रोग्याला काही जाणवत नाही. पायांवर सूज, अन्नावरची वासना जाणे, धाप लागणे ही लक्षणे दिसतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाल्यावर डायलिसिस किंवा मूत्रपिंडाचे रोपण हेच दोन मार्ग उरतात. डायलिसिस बहुधा आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास करावे लागते. शासकीय योजनांमुळे त्याच्या खर्चाचा भार पुष्कळ हलका झाला आहे हे खरे. परंतु सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पाड्यावरच्या माणसाने आठवड्यातून दोन-तीन वेळा घाट ओलांडून नाशिकला जावे, आणि घरातील एका कर्त्या माणसाने त्याच्याबरोबर दिवस मोडावा, याचा खर्च कोणत्याही योजनेच्या हिशेबात बसत नाही. ऑक्टोबरची छाटणी किंवा कांद्याची काढणी रोग्यासाठी थांबून राहत नाही.

चालण्याने काय साधते?

नियमित चालण्याने मूत्रपिंडास मिळणारे साहाय्य मुख्यतः अप्रत्यक्ष आहे, आणि म्हणूनच ते नीट समजून घेतले पाहिजे. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात, आणि त्याचा परिणाम चालणे थांबल्यावरही काही काळ टिकतो. रक्तवाहिन्यांची लवचिकता वाढते. उच्च रक्तदाब असलेल्या माणसाचा वरचा दाब नियमित व्यायामाने साधारणतः ५ ते ८ अंकांनी उतरू शकतो. पोटावरील चरबी कमी होते. ज्या दोन शत्रूंमुळे मूत्रपिंडाची हानी होते, त्या दोघांचीही धार अशा रीतीने बोथट होते.

याला प्रत्यक्ष आधारही आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर चेन्नई येथे झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. रोज किमान अर्धा तास झपाझप चालणे आणि मिताहार एवढ्यावरच भर दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळले. तैवानमध्ये मूत्रपिंडविकार जडलेल्या ६,३६३ रोग्यांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत नियमित चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे एकतृतीयांशाने व डायलिसिस किंवा रोपणाची पाळी येण्याचा धोका सुमारे एकपंचमांशाने कमी दिसून आला. ज्याची प्रकृती मुळात बरी, तोच अधिक चालतो, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. यास्तव सारे श्रेय चालण्यासच देणे योग्य होणार नाही. परंतु ज्या उपायाला खर्च नाही, ज्यात अपाय अल्प आहे आणि ज्याचा कल सर्वत्र हिताकडेच दिसतो, तो उपाय पूर्ण पुराव्याची वाट पाहत लांबणीवर टाकणे शहाणपणाचे नव्हे.

कष्ट आणि व्यायाम

“आम्ही दिवसभर राबतो, आम्हांस वेगळे चालणे कशाला?” हा प्रश्न गावात हटकून विचारला जातो. शेतमजुराच्या बाबतीत तो पुष्कळ अंशी खराही आहे. जो माणूस रोज आठ तास खुरपणी, काढणी किंवा हमाली करतो त्याने आणखी चालले पाहिजे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या मूत्रपिंडास धोका आहे तो वेगळ्या दिशेने.

मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर व निकाराग्वा या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांमध्ये मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रकार मोठ्या संख्येने आढळले. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागातील शेतकऱ्यांमध्येही असाच विकार दिसून आला आहे. याची सर्व कारणे अद्याप निश्चित झालेली नाहीत. तरीही मध्य अमेरिकेतील अनुभवावरून तीव्र उन्हात पुरेसे पाणी व विश्रांती न घेता केलेले सततचे कष्ट हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. तेथे काही ठिकाणी मजुरांसाठी पाणी, विश्रांती आणि सावली यांची व्यवस्था सक्तीने सुरू करण्यात आली. आपल्या राज्यातही ऊसतोडीवर जाणारी लक्षावधी माणसे आहेत, आणि नाशिकच्या द्राक्षबागांत व कांद्याच्या शेतांत भर उन्हात काम करणाऱ्यांची संख्याही थोडी नाही. एप्रिल-मे महिन्यांत खरड छाटणी व कांद्याची काढणी चालू असताना बागाईतदाराने मजुरांसाठी पिण्याचे थंड पाणी, दुपारची विश्रांती आणि झाडाची अथवा शेडनेटची सावली यांची सोय करणे हे उपकाराचे काम नसून कर्तव्य आहे.

या ठिकाणी स्त्रियांचा विचार विशेष करावयास हवा. शेतावर आडोशाची सोय नसल्यामुळे अनेक मजूर स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि लघवी रोखून धरतात. त्यातून मूत्रमार्गाचे विकार बळावतात. ज्या बागेत निर्यातीच्या मालासाठी स्वच्छतेचे नियम काटेकोरपणे पाळले जातात, त्या बागेत स्त्रियांसाठी एक साधे शौचालय असू नये, ही शोभेची गोष्ट नाही.

यावरून हे ध्यानात येईल की, चालण्याचा सल्ला मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, ज्यांची शेती देखरेखीवर, ट्रॅक्टरवर आणि दुचाकीवर चालते. गावातील दुकानदार, शिक्षक, सोसायटीचे कर्मचारी आणि खुद्द ग्रामपातळीवरील कार्यकर्ते यांचाही त्यात समावेश होतो.

वर्षाची वारी आणि रोजची फेरी

नाशिक जिल्ह्याला पायी चालण्याची थोर परंपरा आहे. ज्येष्ठात श्रीनिवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते आणि वारकरी काही आठवडे चालून पंढरी गाठतात. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगगडाकडे पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ते फुलून जातात. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेस हजारो माणसे निघतात. ही परंपरा वंदनीय आहे. परंतु वर्षातून एकदा दिलेले मोकाट पाणी जसे पिकास वर्षभर पुरत नाही, तसे एकदाचे लांब चालणे देहास वर्षभर पुरत नाही. देहालाही ठिबकाप्रमाणे थोडे थोडे आणि नियमाने द्यावे लागते. उलट वर्षभर न चालता एकाएकी मोठा पल्ला गाठणाऱ्याचे सांधे दुखतात, आणि मग तो वेदनाशामक गोळ्या घेऊन पुढे चालतो. अंगातील पाणी कमी झालेले असताना डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या घेणे मूत्रपिंडास घातक ठरू शकते. वारीस जाणाऱ्याने महिना-दीड महिना आधीपासून रोज चालण्याचा सराव ठेवणे हेच श्रेयस्कर होय. कंबरदुखीसाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणून त्या महिनोन् महिने घेण्याची सवयही शेतकऱ्यांनी सोडून दिली पाहिजे.

फेरी कशी घालावी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास चालणे झाले. ते सलगच असले पाहिजे असे नाही. सकाळी १५ व सायंकाळी १५ मिनिटे चालले तरी चालते. चाल अशी असावी की सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. या चालीने अर्ध्या तासात अडीच ते तीन किलोमीटर अंतर सहज तुटते.

त्यासाठी मैदान किंवा बगीचा शोधावा लागत नाही. एक एकराच्या चौरस शेताच्या चारही बांधांची लांबी सुमारे २५० मीटर भरते. त्याला दहा-बारा फेऱ्या घातल्या की रोजचे काम झाले. ज्या द्राक्षबागेत दोन ओळींतील अंतर ९ फूट आहे, तेथे एका एकरातील सर्व ओळींची लांबी मिळून जवळजवळ दीड किलोमीटर होते. दोन एकरांच्या बागेतील प्रत्येक ओळीतून एकदा जाणारा माणूस तीन किलोमीटर चालतो.

अशा फेरीचा दुसरा लाभ पिकाला आहे. एकात्मिक कीड व्यवस्थापनात पिकाचे नियमित निरीक्षण हा पाया मानला जातो. केवड्याचा पहिला डाग, कांद्याच्या पातीतील फुलकिडे, ठिबकाची तुंबलेली तोटी किंवा फुटलेली नळी दुचाकीवरून दिसत नाही. ती चालणाऱ्यालाच दिसते. मात्र निरीक्षणासाठी मधूनमधून थांबावे लागते आणि थांबल्याने चालीचा वेग मोडतो. यास्तव आधी बांधावरून वीस-पंचवीस मिनिटे वेगाने चालावे आणि त्यानंतर सावकाश ओळींतून पीक पाहावे, हे उत्तम.

फेरी घालताना काही दक्षता अवश्य घ्याव्यात. नुकतीच फवारणी झालेल्या बागेत जाऊ नये, औषधाच्या माहितीपत्रकात सांगितलेला अवधी जाऊ द्यावा. पहाटे अंधारात किंवा गवतातून जाताना पायांत बूट आणि हाती विजेरी असावी, कारण घोणसाचा दंश जिवावर बेततोच, शिवाय त्यातून वाचलेल्याची मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे. इगतपुरी व पेठेकडील भातखाचरांत उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होण्याचा संभव असतो आणि तो मूत्रपिंडावर आघात करतो. पायाला जखम असल्यास खाचरात अनवाणी उतरू नये. मधुमेही माणसाने चालून आल्यावर तळपाय रोज पाहावेत. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा पायांवर सूज असणाऱ्यांनी, तसेच ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आधीच जडला आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालण्याचे आणि पाणी पिण्याचे प्रमाण ठरवावे. चालणे सुरू केले म्हणून रक्तदाबाचे किंवा मधुमेहाचे औषध आपल्या मनाने बंद करणे ही घोडचूक होय.

चालण्याच्या जोडीला मिठाचा वापर आवरला पाहिजे. दिवसाकाठी एका माणसास ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक लहान चमचाही पूर्ण न भरेल इतके मीठ पुरेसे आहे. लोणचे, पापड आणि पाकिटातील खारे पदार्थ यांतील मीठ या हिशेबात धरावयाचे आहे. तंबाखू तर सर्वस्वी वर्ज्यच समजावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

शेतीखात्याचा आणि आरोग्याचा काय संबंध, अशी शंका काही कार्यकर्त्यांच्या मनात येईल. वस्तुतः कर्ता शेतकरी अंथरुणास खिळला म्हणजे सुधारलेले वाण, खते आणि अवजारे यांचा प्रसार निष्फळ ठरतो. माणूस हाही शेतीचा मुख्य घटक आहे, हे ध्यानी ठेवून कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

शेतीशाळेचा वर्ग एका जागी बसून न घेता त्याचा आरंभ शिवारफेरीने करावा. प्रत्येक हंगामात निदान एका वर्गास आरोग्य उपकेंद्रातील अधिकारी व आशा सेविका यांना निमंत्रित करावे आणि तेथेच रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. शासनाच्या कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील प्रत्येकाची ही तपासणी अपेक्षित आहे. ज्यांना मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे त्यांनी वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे, यासाठी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. माती परीक्षणाच्या पत्रिकेप्रमाणेच ही पत्रिकाही जपून ठेवण्यास सांगावे. जवळच्या शेतावर जाताना कार्यकर्त्याने स्वतः दुचाकी चावडीजवळ ठेवून पायी जाण्याचा परिपाठ घातला, तर त्याच्या शब्दाला वजन येईल. मुखाने सांगण्यापेक्षा पायांनी सांगितलेले गावाला लवकर पटते.

नाशिकच्या शेतकऱ्याने खडकाळ माळावर द्राक्षे पिकविली आणि थोड्या पाण्यात फळबागा उभ्या केल्या. नियमितपणा आणि बारकाई हे गुण त्याच्या ठायी आहेतच. त्यांतील अर्धा तास त्याने स्वतःच्या देहासाठी राखून ठेवावा, एवढेच मागणे आहे. बागेतील जुनी वेल खोडापासून काढून तेथे नवी लावता येते. मूत्रपिंडाच्या बाबतीत ती सोय निसर्गाने ठेवलेली नाही. सबब या हंगामापासूनच घरातील कर्त्या स्त्री-पुरुषांनी दुचाकी गोठ्यापाशी उभी करून मळ्याची रोजची फेरी पायी घालण्यास आरंभ करावा.